मानेच्या रक्तवाहिनीत ४५ टक्के अडथळा: बाबांना काय करावं?

वाचकाचं पत्र

डॉक्टर, आम्ही गोव्यातल्या साखळीचे. बाबा ६३ वर्षांचे आहेत. खाणी चालू होत्या तेव्हा त्यांचे दोन ट्रक होते, आता घरीच असतात. गेल्या महिन्यात हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये मानेचा डॉप्लर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) झाला. डाव्या बाजूला ४५ टक्के ब्लॉकेज आणि उजवीकडे थोडं प्लाक असं लिहून आलंय. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४८, तीन महिन्यांची सरासरी साखर ८.१, प्रेशर १५८/९२. विडी सोडून सहा वर्षं झाली, तंबाखू-चुना मात्र चालू आहे. प्रेशरची गोळी बरं वाटलं की बंद करतात. रात्री खूप घोरतात. माझ्या काकांना ५७व्या वर्षी पॅरालिसिसचा अटॅक आला होता, त्यामुळे घरात सगळे घाबरलेत. आईने नारळ बंद केलाय आणि हुमणाशिवाय (माशांच्या नारळाच्या कालवणाशिवाय) बाबांना जेवण जात नाही, म्हणून रोज भांडण. मावशी म्हणते ऑपरेशन करून मोकळे व्हा. भावाने लसूण-आलं-लिंबू-व्हिनेगरचा काढा सुरू केलाय, त्याने ब्लॉकेज उघडतं म्हणे. आम्हां दोघा भावंडांनीही डॉप्लर करून घ्यावा का? आणखी एक, कदाचित महत्त्वाचं नसेल: चवथीच्या सामानाची यादी करताना बाबांच्या उजव्या हातातून चहाचा कप सुटला. बोटं आवळतच नव्हती. दहा मिनिटांत बरं झालं. झोप नीट झाली नव्हती म्हणून असेल.

उत्तर

कपाची गोष्ट महत्त्वाची आहे, ताई. तुमच्या पत्रातल्या सगळ्या आकड्यांपेक्षा महत्त्वाची. म्हणूनच पत्र हाती आलं त्याच दिवशी संपादकांमार्फत तुम्हांला निरोप पाठवला होता की सदर छापून यायची वाट बघू नका, बाबांना लगेच बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, न्यूरोलॉजीच्या डॉक्टरांना दाखवा. तो निरोप इथे कारणांसकट पुन्हा लिहिते, कारण हातातून कप, चमचा, पेन सुटल्याचं असंच काहीतरी कारण लावून विसरून जाणारी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत.

मानेच्या डाव्या बाजूची धमनी मेंदूच्या डाव्या भागाला रक्त पुरवते. तो भाग उजवा हात, उजवा पाय आणि बहुतेकांच्या बाबतीत बोलणं सांभाळतो. बाबांचं प्लाक, म्हणजे धमनीच्या आत साचलेला चरबीचा थर, डावीकडे जास्त आहे, आणि बोटं लुळी पडली ती उजव्या हाताची. योगायोग असू शकतो, पण तो योगायोगच आहे असं धरून बसणं धोक्याचं आहे. अशा थोड्या वेळाच्या झटक्याला डॉक्टर टीआयए म्हणतात, लोक मिनी स्ट्रोक म्हणतात. रक्ताची बारीक गुठळी किंवा प्लाकचा कण वाहत जाऊन मेंदूतल्या रक्तवाहिनीत अडकतो, आणि सुदैवाने विरघळतो. हात पूर्ववत होतो. पण गुठळी जिथून आली ती जागा तशीच असते. उपचार न केल्यास अशा झटक्यानंतरच्या तीन महिन्यांत दहातल्या साधारण एकाला खरा स्ट्रोक येतो, आणि त्यातले निम्मे पहिल्या दोन दिवसांतच येतात. चवथ होऊन आता काही आठवडे झाले. सर्वांत धोक्याचे दिवस बाबांनी निभावून नेलेत, तरी तपासणी टाळण्याचं ते कारण होऊ शकत नाही.

न्यूरोलॉजीत गेल्यावर मेंदूचा एमआरआय होईल, ईसीजी होईल, कदाचित चोवीस तास हृदयाची लय नोंदणारं यंत्र लावतील. गुठळ्या हृदयातूनही येतात. हृदयाची लय अनियमित असेल तर औषधच वेगळं लागतं. म्हणून डॉप्लरच्या कागदावर ४५ लिहिलंय एवढ्यावरून सगळा दोष मानेच्या धमनीवर टाकून तपास संपवू नये. आणि स्कॅन व्हायच्या आधी घरच्या घरी ॲस्पिरिन देऊ नका. मेंदूत रक्तस्राव झालेला असला तर तीच गोळी घात करते.

पुन्हा असं काही झालं, म्हणजे तोंड एका बाजूला वाकडं झालं, हात किंवा पाय लुळा पडला, बोलणं जड झालं, किंवा एका डोळ्यासमोर अचानक पडदा उतरल्यासारखा अंधार झाला, तर घड्याळ बघा आणि १०८ लावा. बाबा शेवटचे ठीक कधी होते ती वेळ कागदावर लिहून सोबत ठेवा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळे डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील. पाच मिनिटांत बरं वाटलं तरी गाडी परत पाठवू नका.

आता प्लाककडे येते. प्रत्येक बाजूची मोठी धमनी छातीतून वर येते आणि कंठमण्याच्या वरच्या कडेच्या आसपास दुभंगते. एक फांदी मेंदूकडे जाते, दुसरी चेहऱ्याकडे. दुभंगण्याच्या जागी मेंदूकडे जाणारी फांदी सुरुवातीला थोडी फुगीर असते. वाळवंटी नदी जिथे रुंदावते तिथे पाणी मंद होतं, भोवरे धरतं आणि गाळ बसतो, हे तुम्ही लहानपणापासून पाहिलं असेल. रक्ताचंही त्या फुगीर जागी तसंच होतं. तिथलं अस्तर आधी दुखावतं, एलडीएल कोलेस्टेरॉल त्याच्या खाली शिरतं, शरीरातल्या पांढऱ्या पेशी ते गिळायला जातात आणि चरबीने फुगून तिथेच मरतात. वर्षानुवर्षं हे चालून त्यावर एक पापुद्रा येतो, पुढे कॅल्शियमही बसतं. या जागेमुळे होणारे बहुतेक स्ट्रोक धमनी हळूहळू पूर्ण बुजल्याने होत नाहीत. पापुद्रा फाटतो, त्यावर गुठळी धरते आणि तिचा तुकडा वर जातो. म्हणून चाळीस टक्क्यांचं मऊ, चरबीदार प्लाक कधीकधी साठ टक्क्यांच्या जुन्या, कडक प्लाकपेक्षा जास्त त्रास देतं. तुम्ही सगळे त्या ४५ या आकड्याकडे बघताय. मला आकड्याच्या मागचा माणूस जास्त महत्त्वाचा वाटतो.

त्या माणसात पहिलं येतं ते प्रेशर. ३२ देशांत झालेल्या इंटरस्ट्रोक या मोठ्या अभ्यासाचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की बदलता येण्याजोग्या दहा गोष्टींतून स्ट्रोकचा सुमारे ९० टक्के धोका समजावता येतो, आणि त्यांत सर्वांत वरचं स्थान उच्च रक्तदाबाचं आहे. भारतातले रुग्णही त्या अभ्यासात होते. जास्त दाबाने येणारं रक्त त्या दुभंगावर दिवसाला लाखभर वेळा आपटतं. बाबांचा १५८ हा आकडा गोळी बंद असतानाचा असणार. प्रेशरचं काहीच जाणवत नाही, हीच त्यातली खोट आहे. बरं वाटतं ते गोळी चालू आहे म्हणून, आणि तेवढ्यात माणूस गोळी सोडतो. वरचा आकडा दहाने खाली आला तरी स्ट्रोकचा धोका सुमारे पाव भागाने घटतो. आणखी कुठल्या उपायातून इतका लाभ मिळतो असं मला दिसत नाही. दंडाला लावायचं डिजिटल यंत्र घ्या, मनगटाचं नको. सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री झोपण्याआधी, पाच मिनिटं शांत बसवून, प्रत्येक वेळी दोनदा मोजा आणि वहीत लिहा. ती वही डॉक्टरांना दाखवा. गोळ्यांचा आठवड्याचा डबा भरायची जबाबदारी आईकडे न देता बाबांकडेच द्या. ज्याच्या हातून ट्रकच्या ऑइल बदलायची तारीख चुकली नाही, त्याला हे जमेल.

दुसरी साखर. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ च्या इंडियाब अहवालात गोव्यातल्या प्रौढांमधलं मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के आलं, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. देशाचं सरासरी प्रमाण ११.४ टक्के होतं. म्हणजे आपल्याकडे चार प्रौढांमागे एकाला मधुमेह आहे, आणि पुष्कळांना त्याची जाणीवही नसते. जास्त साखर धमनीचं अस्तर खरवडते आणि एलडीएलला अधिक चिकट, अधिक घातक करते. ८.१ ही काही आजची साखर नव्हे, तो तीन महिन्यांचा हिशेब आहे. सकाळ-संध्याकाळचा पोदेराचा पाव, त्यात जॅम किंवा चहात तीन चमचे साखर, संध्याकाळी भजी, रात्री भात. हा हिशेब बाबांच्या थाळीतून वजा करायला सुरुवात करा. पाव एकदम सोडायला सांगाल तर ऐकणार नाहीत. सकाळी नाचणीची भाकरी किंवा उकड्या तांदळाची पेज आणि भाजी, पाव आठवड्यातून दोनदा, एवढ्यावर तह करा. लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी राहिली असेल तर तीही करून घ्या. मूत्रपिंड बिघडायला लागलं की धमन्यांचं नुकसान झपाट्याने वाढतं, आणि हे कित्येक पॅकेजमध्ये तपासतच नाहीत.

एलडीएल १४८. ज्यांना टीआयए होऊन गेलाय आणि मानेत प्लाक आहे, त्यांचं एलडीएल ७० च्या खाली ठेवावं, असं सांगणारा पुरावा चांगला भक्कम आहे. इतकं खाली फक्त पथ्याने जात नाही, कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी लागते. एलडीएल ३९ ने उतरलं की हृदयविकार आणि स्ट्रोकचा धोका सुमारे एक पंचमांशाने कमी होतो. गोळीने प्लाक धुऊन निघत नाही, पण आतली चरबी आटते, वरचा पापुद्रा जाड होतो आणि फुटायची शक्यता घटते. तुमच्याकडेही कोणीतरी सांगेल की ही गोळी लिव्हर खराब करते. लिव्हरला गंभीर इजा क्वचितच होते. काहींचे स्नायू दुखतात, काहींची साखर किंचित वाढते. दोन्हींवर मार्ग निघतो, पण मनाने गोळी बंद करण्यातून निघत नाही.

तंबाखूचं बोलताना आधी बाबांना शाबासकी द्यायला हवी. एवढी वर्षं ओढलेली विडी सोडून सहा वर्षं राहणं सोपं नाही, आणि या सहा वर्षांत त्यांचा धोका खरोखर खाली आलाय. राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ च्या फेरीत गोवा ९.७ टक्क्यांवर, देशात सर्वांत खाली होता. तरीही तंबाखू-चुना उरतोच. धूर नसला तरी निकोटीन रक्तात जातं, नाडी आणि प्रेशर वाढवतं, आणि बिनधुराच्या तंबाखूनेही स्ट्रोकचा धोका वाढल्याचं दक्षिण आशियातल्या अभ्यासांत दिसलंय. १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत फोन आहे. तिथे तंबाखू सोडायला मदत करतात. बाबांना नंबर लावून द्या आणि बोलत असताना तुम्ही खोलीबाहेर जा.

घोरणं तुम्ही एका ओळीत लिहिलंय, मला त्याबद्दल आणखी विचारायचं आहे. झोपेत त्यांचा श्वास मधूनच थांबतो का, घुसमटून जाग येते का, सकाळी डोकं जड असतं का, दुपारी बसल्या बसल्या डोळा लागतो का? आईला विचारा. श्वास थांबला की रक्तातला प्राणवायू उतरतो आणि प्रेशर रात्रीचं उसळतं. गोळ्या वाढवूनही प्रेशर आटोक्यात येत नसलेल्या कितीतरी माणसांची खरी अडचण ही असते. झोपेची तपासणी करून यंत्र लावल्यावर प्रेशर बरंच नरम पडू शकतं. कमरेचा घेरही मोजा. आपल्या माणसांत पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या वर गेला तर धोका सुरू होतो.

वय, पुरुष असणं आणि सख्ख्या भावाला ५७व्या वर्षी आलेला अटॅक, ही बाबांच्या हातातली गोष्ट नाही. अशा घरात लिपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉलचाच एक प्रकार) नावाची तपासणी आयुष्यात एकदा करावी. ते जन्मानेच ठरतं आणि जास्त निघालं तर बाकीच्या गोष्टींशी जास्त कडक वागावं लागतं. आणखी कुणी वाचक घशाच्या कॅन्सरसाठी मानेवर रेडिएशन घेऊन गेले असतील, तर त्यांनीही वर्षानुवर्षांनंतर येणाऱ्या या धोक्याबद्दल डॉक्टरांशी बोलावं.

मला ठासून सांगायचं आहे ते हे की यांतलं प्रत्येक कारण वेगळं मोजायचं नाही. प्रेशर, साखर, चरबी, तंबाखू एकत्र आले की त्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. बाबांकडे चारही आहेत. याचीच दुसरी बाजू आशेची आहे. एक कमी केलं की सगळा गुणाकार उतरतो. २०१२ ला खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ ला परत थांबल्या. त्या काळात ट्रक अंगणात उभे राहिले आणि चालवणारी माणसं खुर्चीत बसली. चालणं गेलं, दिवसाची दिशा गेली, हप्त्यांची चिंता उरली. साखळी-डिचोली पट्ट्यात तपासायला येणाऱ्यांत मला हे वारंवार दिसतं. म्हणून बाबांना 'चाला' एवढं म्हणून सोडू नका. सकाळी विठ्ठलापुरापर्यंत चालत जायचं, देवाला नमस्कार करून परत यायचं, असं काहीतरी ठिकाण द्या, आणि जाताना आठवड्यातून दोनदा तुम्ही त्यांच्याबरोबर चला. आठवड्याला मध्यम वेगाचे १५० मिनिटं झाले तर पुष्कळ. पावसाळ्यात देवळाच्या सभामंडपात फेऱ्या मारा.

आता नारळ. आईला माझा निरोप द्या की हुमण चालू करा. बाबांच्या धमनीत जे झालंय ते नारळामुळे झालं असं मी म्हणणार नाही. खोबरेल तेलात नव्वद टक्क्यांच्या आसपास संतृप्त चरबी असते आणि ते एलडीएल वाढवतं, ही गोष्ट मात्र खरी आहे, तेव्हा तळणीला आणि फोडणीला खोबरेल नको. हुमणात नारळ निम्मा करा, धने-मिरची-आमसूल वाढवा, पातळ करा. बांगडे, तारली चांगलीच, फक्त रव्यात घोळून तेलात तळण्याऐवजी तिखलं करून. नारळापेक्षा मला बाबांच्या पानातल्या मिठाची काळजी जास्त वाटते. खारे मासे, सुकी सुंगटं (कोळंबी), मिस्काट (लोणचं), पापड, हॉटेलातली भाजी, फरसाण. रोजचं मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून एक सपाट चमचा, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, आणि तेवढं मीठ सुके मासे एका जेवणात संपवून टाकतात. आईने नारळ बंद करून खाऱ्याचा तुकडा वाढला असेल तर तो उलटा सौदा झाला. दारूबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. उरकाच्या (काजूच्या दारूच्या) दिवसांत रोज होत असेल तर तीही प्रेशर वाढवते, एवढं सांगून थांबते.

ऑपरेशनचं मावशींना असं सांगा. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॅसेट या अभ्यासात, ज्यांना झटका आलेला होता आणि धमनी ७० टक्के किंवा जास्त अरुंद होती, अशांत दोन वर्षांत त्याच बाजूचा स्ट्रोक औषधांवर असलेल्यांपैकी २६ टक्क्यांना आणि ऑपरेशन झालेल्यांपैकी ९ टक्क्यांना आला. फार मोठा फरक. धमनी ५० ते ६९ टक्के अरुंद असलेल्यांना लाभ झाला पण माफक. ५० च्या खाली लाभ दिसला नाही, आणि ऑपरेशनमध्येच काहींना स्ट्रोक येतो. ४५ साठी म्हणून चाकू लागणार नाही, औषधंच लागतील. पण एक अट आहे. डॉप्लरचा टक्का रक्ताच्या वेगावरून काढतात आणि तपासणाऱ्याच्या हातावरही अवलंबून असतो. कप निसटलेल्या माणसाचा ४५ हा आकडा सीटी अँजिओने (रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनने) पक्का करून घ्यावा. सत्तर निघाला तर निर्णय लगेच घ्यायचा असतो, लांबवायचा नसतो. पुढे सहा महिन्यांनी ४५ चा ५० झाला तर लगेच वाढलं असंही समजू नका, आणि शक्यतो त्याच ठिकाणी तपासा.

काढ्याने धमनी उघडत नाही. भावाचं प्रेम मला कळतं, पण त्या बाटलीत मध असेल तर साखर वाढते, आणि गुठळी रोखायच्या गोळ्या सुरू झाल्यावर लसणाचे मोठे डोस रक्त जास्त पातळ करतात. भाजीत लसूण घाला, पुरे. एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण आपल्या सलूनमध्ये ती सर्रास होते. केस कापून झाल्यावर न्हावी मान झटका देऊन मोडून देतो. बाबांना यापुढे ते करू देऊ नका, आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला दाबून मालीश तर कुणाकडूनच नको. झटक्याने धमनीचं अस्तर फाटू शकतं आणि दाबाने प्लाकचा तुकडा सुटू शकतो.

तुम्ही आणि भाऊ डॉप्लर करू नका. लक्षणं नसलेल्या माणसांची मानेची सोनोग्राफी सरसकट करू नये, असं अमेरिकेतल्या प्रतिबंधक उपचारांच्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्येही पुन्हा सांगितलं. चुकीचे अहवाल येतात, त्यातून नको त्या तपासण्या आणि ऑपरेशनं होतात. त्याऐवजी दोघांनी प्रेशर, उपाशीपोटी साखर, तीन महिन्यांची साखर आणि लिपिड प्रोफाइल या वर्षी करा, बाबांचं लिपोप्रोटीन-ए जास्त निघालं तर तेही करा. भाऊ तंबाखू खात असेल तर त्याने बाबांबरोबरच सोडावा, एका घरात एकट्याने सोडणं कठीण जातं.

गोमेकॉत जाताना डॉप्लरचा पूर्ण अहवाल आणि त्याची फिल्म न्या, नुसता सारांश नको. जुन्या प्रेशरच्या चिठ्ठ्या, गोळ्यांची पाकिटं आणि गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं दीनदयाळ स्वास्थ्य सेवा कार्ड बरोबर ठेवा. आणि डॉक्टरांना कपाची गोष्ट बाबांना सांगू देऊ नका, तुम्ही सांगा. ते म्हणतील काही नव्हतं.